एमएस्सी, सेट, तासिका आणि मग पीएचडी

मराठवाड्यात संगणकशास्त्राच्या पीएचडीला येणारा उमेदवार सहसा सरळ वाटेनं आलेला नसतो. बीएस्सी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कॉलेजात, एमएस्सी छत्रपती संभाजीनगरला किंवा नांदेडला, मग नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांच्या फेऱ्या, मधल्या काळात तासिका तत्त्वावर शिकवणं, कुणाचं पुण्यात कंपनीत टेस्टिंगचं किंवा सपोर्टचं काम. इंजिनिअरिंगवाले बीई, एमटेक करून खाजगी कॉलेजात शिकवत असतात. एमसीएवाल्यांची तिसरी तऱ्हा. मी पहिल्या वाटेनं आलो, पण कोर्सवर्कच्या, म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमाच्या, वर्गात तिन्ही वाटांची मंडळी एकाच बाकावर होती. तिथून पुढं एक गोष्ट सतत दिसत राहिली: प्रवेश, विषय, फेलोशिप, नंतरची नोकरी, सगळीकडे मागचं शिक्षण आणि मागची नोकरीच विचारली जाते. त्यांची माहिती आधी नीट मांडून ठेवली असेल तर पुढचं पुष्कळ सोपं जातं.

आधी पात्रता. सध्या यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०२२चे पीएचडी विनियम लागू आहेत, ७ नोव्हेंबर २०२२ रोजी ते अधिसूचित झाले. तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, त्यात किमान ५५ टक्के. राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना ५ टक्के सवलत. चार वर्षांची पदवी घेऊन थेट यायचं तर ७५ टक्के लागतात. टक्के वर ढकलून मोजत नाहीत, ५४.८ म्हणजे ५४.८च. ज्यांच्या गुणपत्रिकेवर सीजीपीए आहे त्यांनी आपल्याच विद्यापीठाचं टक्केवारीत रूपांतराचं पत्र आधी काढून ठेवावं. सीजीपीएला साडेनऊनं किंवा दहानं गुणण्याची जी सूत्रं मित्रमंडळींत फिरतात, ती दुसऱ्या विद्यापीठाच्या पडताळणीत टिकत नाहीत. जिथून पदवी घेतली तिथल्या परीक्षा विभागाचं सही-शिक्क्याचं पत्र असेल तर प्रश्नच उरत नाही.

त्याहून जास्त अर्ज अडतात ते विषयाच्या नावावर. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार चार विद्याशाखा आहेत: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानवविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. एमएस्सी संगणकशास्त्र पहिल्या शाखेत. संगणक व्यवस्थापनाची, म्हणजे एमसीएमची पदवी वाणिज्य व व्यवस्थापनाकडे. अभ्यासक्रमात निम्मे पेपर सारखे असतील, तरी संगणकशास्त्राच्या जागेसाठी ही पदवी चालेल असं गृहीत धरू नये. एमएस्सी आयटी, एमएस्सी सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग, एमसीए, एमटेक या पदव्यांना त्या वर्षीच्या जाहिरातीत कोणत्या विषयासमोर धरलंय ते शब्दशः वाचायचं. जाहिरातीत आपल्या पदवीचं नाव नसेल तर फोनवरचं ‘चालतंय की’ धरून बसू नये. अर्ज करायच्या आधी विभागाकडून लेखी घ्यावं. जुन्या तीन वर्षांच्या एमसीएवाल्यांना आणखी एक प्रश्न येतो, कारण २०२०-२१ पासून एमसीए दोन वर्षांचं झालं. त्यांनी सहाही सत्रांच्या गुणपत्रिका एकत्र जोडाव्यात.

प्रवेशाच्या वाटा दोन: नेट किंवा पेट, म्हणजे विद्यापीठाची स्वतःची पीएचडी प्रवेश परीक्षा. जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो. पहिल्या गटाला जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप), सहायक प्राध्यापकपद आणि पीएचडी, दुसऱ्याला सहायक प्राध्यापकपद आणि पीएचडी, तिसऱ्याला नुसती पीएचडी. दुसऱ्या-तिसऱ्या गटासाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि पीएचडी प्रवेशापुरता तो निकाल एकच वर्ष चालतो. संगणकशास्त्र व उपयोजन हा नेटमधला विषय क्रमांक ८७. पहिल्या पेपरला ५० प्रश्न, दुसऱ्याला १००, प्रत्येकी दोन गुण, तीन तास सलग, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. सेट वेगळी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ ती घेतं, राज्यात सहायक प्राध्यापक व्हायला ती पुरते, पण तिच्यावर फेलोशिप नाही. सेट झालेल्या उमेदवाराला पेटमधून सूट मिळते का, हे ज्या त्या विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या जाहिरातीवर असतं.

पेटमध्ये निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर. संगणकाची मुलं विषयाचा भाग सहज काढतात आणि पहिल्या भागात लटकतात. नमुना निवड, गृहीतक, टी-टेस्ट, काय-स्क्वेअर या सांख्यिकी चाचण्या, संदर्भ लेखनाच्या पद्धती हे बीएस्सी-एमएस्सीच्या अभ्यासक्रमात जेमतेम येतं. हा भाग मन लावून केला तर पुढं कोर्सवर्कलाही तोच उपयोगी पडतो.

आता गाईड. एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर नवीन विद्यार्थी घेता येत नाही. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव हे चार जिल्हे. स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाकडे नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली. पहिलं १९५८चं, दुसरं १९९४चं. दोन्हीकडे विद्यापीठातले विभाग आहेत आणि संलग्न कॉलेजांत संशोधन केंद्रंही आहेत. विद्यापीठाच्या विभागातल्या जागांवर सगळ्यांचा डोळा असतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या केंद्रात एखादी जागा शांतपणे रिकामी असते. रिक्त जागांची यादी आली की आधी शोधगंगेवर जायचं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं हे भांडार सगळ्यांना खुलं आहे. गाईडचं नाव टाकून त्यांच्या हाताखाली झालेले प्रबंध काढावेत आणि प्रत्येकाचं पहिलं आणि शेवटचं प्रकरण वाचावं. सरांना काय आवडतं, कोणती पद्धत चालते, एक प्रबंध पुरा व्हायला किती वर्षं लागली, हे नोंदणीच्या आणि पदवीच्या तारखांवरून कळतं. सरांना भेटायला जाण्याआधी एवढी तयारी असली की बोलणं वेगळ्याच पातळीवर होतं.

भेटीत काय न्यायचं? चार पानी प्रस्ताव आणि एक पानाचा बायोडाटा. बायोडाटात ‘सी, सी++, जावा, पायथन, एचटीएमएल’ अशी माळ सगळेच लावतात, तिला कुणी विचारत नाही. विचारतात ते एमएस्सीच्या प्रोजेक्टचं. इथं बऱ्याच जणांची गोची होते, कारण शहरातल्या क्लासवाल्यांकडून तयार प्रोजेक्ट विकत घेण्याची पद्धत अजून आहे. ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम’ आणि ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम’ यांची नावं ऐकली की समितीतले लोक पुढचा प्रश्न विचारायचे थांबतात. आपल्या हातानं केलेलं काहीतरी छोटं असेल, भले ते गावच्या रेशन दुकानाच्या याद्या पीडीएफमधून काढून एक्सेलमध्ये आणण्याचं का असेना, तेच पुढं करावं. त्यात डेटा कुठून आला, काय बिघडलं, कसं तपासलं, हे सांगता येतं.

तासिका तत्त्वाचा अनुभव हा इथला खास मुद्दा. पाच-सहा वर्षं शिकवलेलं असतं, पण कागद नसतात. दर वर्षीचा नियुक्ती आदेश, विद्यापीठाची मान्यता, मानधन बँकेत जमा झाल्याचं पासबुकचं पान आणि प्राचार्यांच्या सहीचं अनुभव प्रमाणपत्र, हे चारही त्याच वर्षी गोळा करावं. नंतर प्राचार्य बदलतात, जुनी फाईल सापडत नाही. कंपनीवाल्यांनी नियुक्तीपत्र, रिलिव्हिंग लेटर आणि फॉर्म १६ जपून ठेवावा. मध्ये नुसती परीक्षेची तयारी केलेली वर्षं असतील तर गॅपचं शपथपत्र लागतं. दुसऱ्या विद्यापीठातून आलं तर मायग्रेशन. राखीव प्रवर्गाला जात प्रमाणपत्र, वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर. यातलं नॉन-क्रिमीलेअर नेमकं प्रवेशाच्या तोंडावर मुदतीबाहेर गेलेलं निघतं, तेव्हा जाहिरातीची वाट न बघता आधीच नवीन काढावं.

नोकरीत असलेल्यांना अर्धवेळ पीएचडी करता येते, त्याला संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं. त्यात नुसतं ‘हरकत नाही’ असं लिहून भागत नाही. अर्धवेळ पीएचडीला परवानगी आहे, संशोधनाला पुरेसा वेळ दिला जाईल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कामातून मोकळं केलं जाईल, या तिन्ही गोष्टी यूजीसीच्या विनियमांत मागितलेल्या आहेत. फेलोशिप हवी असेल तर पूर्णवेळच. जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि पुढच्या टप्प्याची एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. नेटमध्ये जेआरएफ नाही मिळाली तरी बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिराती येतात, ज्याच्या त्याच्या प्रवर्गाप्रमाणे. या सगळ्या ठिकाणी नोंदणीची तारीख बघतात. ती तारीख प्रवेशाची, कोर्सवर्कची की आरआरसीच्या मान्यतेची, हे जाहिरातीत काय लिहिलंय त्यावर ठरतं, म्हणून तिन्ही पत्रं हाताशी असावीत. संशोधन व मान्यता समितीला सगळे आरआरसीच म्हणतात. तिच्यासमोर विषय मंजूर होतो तेव्हा शीर्षकातला प्रत्येक शब्द पक्का होतो. पुढं शीर्षक बदलायचं तर पुन्हा अर्ज, पुन्हा बैठक. त्यामुळं शीर्षकात एका विशिष्ट अल्गोरिदमचं नाव अडकवू नये. तीन वर्षांत ते जुनं होतं आणि प्रबंधावर तसंच राहतं.

कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं, पास व्हायला ५५ टक्के. त्यात संशोधन व प्रकाशन नीतीचा २ क्रेडिटचा पेपर सक्तीचा. इथंच तिन्ही वाटांतला फरक उघडा पडतो. बीएस्सी-एमएस्सीवाल्यांचा डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेसचा पाया चांगला, कारण ते पुन्हा पुन्हा शिकवलेलं असतं. पण रेषीय बीजगणित आणि संभाव्यता बारावीनंतर सुटलेली. इंजिनिअरिंगवाल्यांचं गणित त्यामानानं शाबूत, पण मोठा लेख वाचून त्याची चिकित्सा लिहायची सवय नसते. कंपनीतून आलेल्यांना गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन), टेस्टिंग, लॉग वाचणं हातचा मळ. बाकीच्यांच्या लॅपटॉपवर ‘final’, ‘final2’, ‘final_new’ या नावांचे फोल्डर. गणित भरून काढायला एनपीटीईएल या आयआयटी-आयआयएस्सीच्या ऑनलाइन मंचाचे बारा आठवड्यांचे कोर्स बरे. शिकणं फुकट, परीक्षेला १,००० रुपये. असाइनमेंटला २५ टक्के आणि परीक्षेला ७५ टक्के वजन. प्रमाणपत्राला असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० लागतात. रेषीय बीजगणिताचा कोर्स पहिल्याच सत्रात घ्यावा. मॉडेल चालतंय पण का चालतंय हे सांगता येत नाही, ही तक्रार सल्लागार समितीच्या बैठकीत हमखास येते, आणि तिचं मूळ इथंच असतं.

आता विषय. आमच्याकडे दोन प्रकारचे विषय सारखे दिसतात: पिकांवरचे रोग फोटोवरून ओळखणं आणि मराठी बोलणं किंवा मजकूर संगणकाला समजावणं. दोन्ही चांगले, कारण डेटा दाराशी आहे. पण दोन्हीत ठराविक ठिकाणी काम फसतं.

पिकांचं आधी घेऊ. बहुतेक जण प्लँटव्हिलेज या पानांच्या फोटोंच्या जगप्रसिद्ध संचापासून सुरुवात करतात. त्यात १४ पिकांची ५४ हजारांवर छायाचित्रं, ३८ वर्ग. पण मराठवाड्याच्या नजरेनं तो उघडून बघा. कापूस नाही. तूर नाही. हरभरा नाही. सोयाबीन आहे, पण एकाच वर्गात आणि तोही निरोगी पानांचा. संत्र्याचाही एकच वर्ग, सिट्रस ग्रीनिंग रोगाचा. म्हणजे लातूरच्या सोयाबीनवर किंवा जालन्याच्या मोसंबीवर काम करायला तो संच पुरत नाही. शिवाय सगळी पानं तोडून एकसारख्या पार्श्वभूमीवर ठेवून फोटो काढलेत. अशा फोटोंवर ९९ टक्के अचूकता सहज येते आणि तेच मॉडेल बांधावर नेलं की माती, सावली, शेजारचं तण आणि धरलेला हात बघून गोंधळतं. प्रबंधात ९९ टक्के लिहिणारे पुष्कळ आहेत; बाहेरचा परीक्षक हल्ली पहिला प्रश्न तोच विचारतो, शेतातल्या फोटोवर किती?

म्हणून स्वतःचा संच करावा लागतो, आणि तिथं पंचांग आडवं येतं. सोयाबीन जून-जुलैत पेरतात, सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरात काढणी. पिवळा मोझॅक हा रोग दिसायचे दिवस ऑगस्ट-सप्टेंबरचे. कोर्सवर्कची परीक्षा, आरआरसी आणि हंगाम एकाच वेळी आले आणि फोटो राहिले, की पुढचा हंगाम थेट वर्षानं. यूजीसीची मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षं; पुनर्नोंदणी करून आणखी दोन, महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन. पण वेळेत संपवायचं तर हातात दोन-तीनच खरीप असतात. विषयाला मान्यता येण्याची वाट न बघता पहिल्याच पावसाळ्यात फोटो काढायला लागावं.

फोटो सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान, दव वाळल्यावर. दुपारच्या उन्हात पानावर चकाकी येते आणि पिवळा रंग पांढरा पडतो. फोनमधलं ब्यूटी मोड, एआय रंगसुधारणा बंद. एक फोटो पानाचा जवळून, एक पूर्ण झाडाचा. तासिका तत्त्वावर शिकवलेल्यांना इथं मोठा फायदा आहे, वर्गातली निम्मी मुलं शेतकऱ्यांची असतात आणि आपल्या शिवारातले फोटो हौसेनं काढून देतात. फक्त ते व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून आले की आकार दाबला जातो आणि तारीख, ठिकाणाची माहिती पुसली जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावं किंवा सरळ ड्राइव्हचा फोल्डर द्यावा. फाइलच्या नावात गाव, शेताचा क्रमांक, झाडाचा क्रमांक, तारीख. १२ मेगापिक्सेलचा फोटो तीन-चार एमबीचा, म्हणजे पाच हजार फोटोंना १५ ते २० जीबी. मॉडेलला शेवटी २२४ बाय २२४ पिक्सेलच जाणार असले तरी मूळ फाइल टाकून देऊ नये, पुढं पानावरचा डाग कापून वेगळा काढायची वेळ येतेच.

लेबल कोण लावणार हा खरा प्रश्न. पिवळं पान म्हणजे मोझॅक असं नाही. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोहाची कमतरता पडली तरी सोयाबीनची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मोझॅकमध्ये पिवळे-हिरवे चट्टे अनियमित असतात आणि तो पांढऱ्या माशीमुळं पसरतो, त्यामुळं पानाची मागची बाजूही बघावी लागते. संगणकाच्या माणसानं हे स्वतः ठरवू नये. परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, वनस्पती रोगशास्त्राच्या जाणकारांकडून लेबल करून घ्यावं. दोघांकडून स्वतंत्रपणे करून घेतलं तर दोघांचं किती जुळतं हे सांगणारा ‘कोहेन कप्पा’ (kappa) हा आकडा काढता येतो. तो आकडा प्रबंधात असला की परीक्षकाचे निम्मे प्रश्न जागीच मिटतात.

आणि मग विभागणी. एकाच झाडाचे लागोपाठ काढलेले दहा फोटो असतात. त्यांची सरमिसळ करून ८० टक्के प्रशिक्षणाला, २० टक्के चाचणीला टाकले, तर परीक्षेतला प्रश्न आधीच वर्गात सोडवून दिल्यासारखं होतं. विभागणी फोटोनिहाय न करता शेतनिहाय करायची: काही गावांची शेतं पूर्णपणे चाचणीसाठी बाजूला. फोटो फिरवून, उलटवून संख्या वाढवायची तर ती विभागणीनंतर आणि फक्त प्रशिक्षणाच्या भागात. असं केलं की अचूकता खाली येते. येऊ द्यावी. निरोगी फोटो रोगटांच्या नऊपट असतील तर सगळ्याला ‘निरोगी’ म्हणणारं मॉडेलही ९० टक्के दाखवतं, म्हणून वर्गनिहाय प्रिसिजन (रोगट म्हटलेल्यांत खरे किती), रिकॉल (खऱ्या रोगटांत पकडले किती), एफ-वन (या दोन्हींचा मेळ) आणि कन्फ्युजन मॅट्रिक्स (कशाला काय म्हटलं याची मांडणी) दिल्याशिवाय तक्ता पुरा होत नाही.

मराठी बोलण्यावर काम करणाऱ्यांचीही गोम हीच. एकच माणूस प्रशिक्षणात आणि चाचणीतही असेल तर मॉडेल शब्दांऐवजी त्याचा आवाज पाठ करतं. बोलणाऱ्यांची विभागणी वेगळी हवी. रेकॉर्डिंग १६ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, मोनो, डब्ल्यूएव्ही. तासाला साधारण ११५ एमबी. पंखा बंद, खिडकी बंद, आणि इन्व्हर्टरवर लाइट असेल तेव्हा रेकॉर्ड करू नये, बारीक गुणगुण सगळ्या फाइलींत बसते. मजकुराची अडचण निराळी. ‘ॲ’ एका कोडचंही टाइप होतं आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. दिसायला एक, संगणकाला दोन. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं युनिकोडचं एनएफसी रूपांतरही या दोघांना एक करत नाही, तो नियम आपणच लिहावा लागतो. नाही तर बरोबर ओळखलेला शब्दही चुकीत मोजला जातो आणि वर्ड एरर रेट, म्हणजे चुकलेल्या शब्दांचं प्रमाण, उगाच फुगतो. जुन्या वर्तमानपत्रांच्या किंवा छापखान्यांच्या फाइली मिळाल्या तर त्या बहुधा युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या असतात. कन्व्हर्टर जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडवतो. पाचशे ओळी हातानं तपासून चुकांचा दर काढल्याशिवाय असा मजकूर वापरू नये.

संगणन-शक्तीचं रडगाणं सगळे गातात, पण अशा कामाला महागडं यंत्र लागतंच असं नाही. गूगलच्या कोलॅबवर फुकटात सहसा टी-४ जीपीयू (मॉडेल शिकवायला लागणारी वेगवान चिप) मिळतं, कॅगलवर आठवड्याला साधारण तीस तास. मधेच सत्र तुटतं किंवा वीज जाते, म्हणून दर इपॉकला, म्हणजे संचाच्या दर फेरीला, चेकपॉइंट (तोवर शिकलेलं मॉडेल) ड्राइव्हवर जतन व्हायलाच हवा. रँडम सीड (यादृच्छिक निवडीचा सुरुवातीचा आकडा), लायब्ररींच्या आवृत्त्या आणि कोणत्या विभागणीवर कोणता आकडा आला, हे एका साध्या फाइलमध्ये लिहीत जावं. दर सहामाहीला सल्लागार समितीपुढं सादरीकरण असतं. त्यात मागच्या वेळचा तक्ता पुन्हा काढून दाखवता आला नाही तर सगळी बैठक त्यावरच जाते.

वाचनाची सोय मात्र आता बरीच सुधारली. ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजनेत जानेवारी २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं खुली झाली. खाजगी कॉलेजात नोकरी करणाऱ्यांनी ज्या विद्यापीठात नोंदणी आहे तिथल्या ग्रंथालयातून लॉगिन मिळवावं.

शोधनिबंध छापण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण पैसे आणि नाव दोन्ही इथं जातात. २०२२च्या विनियमांत प्रबंधाआधी निबंध छापण्याची सक्ती यूजीसीनं काढली, तरी विद्यापीठं आपल्या नियमात ती ठेवू शकतात. आपल्या नोंदणीच्या वर्षाचा अध्यादेश बघावा. मान्य नियतकालिकांची यूजीसीची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा ‘केअर लिस्टेड’ असा शिक्का मिरवणाऱ्या जाहिरातीला आता काही अर्थ नाही. व्हॉट्सअॅपवर ‘चोवीस तासांत प्रकाशन, डीओआय आणि प्रमाणपत्रासह’ असा निरोप आला की समजून जावं, चोवीस तासांत समीक्षा होत नसते. स्कोपस या आंतरराष्ट्रीय सूचीचं नाव कुणी सांगितलं तर स्कोपसच्या स्रोत-यादीत नियतकालिक शोधावं, कुठल्या वर्षापर्यंत समावेश आहे ते बघावं. मध्येच वगळलेली नियतकालिकं जुनंच बिरुद लावून फिरतात. संकेतस्थळाचा पत्ताही यादीतूनच घ्यावा, कारण खऱ्या नियतकालिकाच्या नावाची नकली स्थळं आहेत. संगणकशास्त्रात परिषदांना फार मान. नामांकित परिषदेतला निबंध कित्येक नियतकालिकांपेक्षा कठीण असतो, तरी आपल्याकडच्या नोकरीच्या गुणांकनात नियतकालिकालाच वजन. दोन्ही सांभाळायचं तर आधी परिषद, आणि मग वाढवलेलं काम नियतकालिकाला. वाढवलेल्या निबंधात आधीच्या निबंधाचा उल्लेख स्पष्ट हवा.

तोच उल्लेख पुढं साम्य-तपासणीत वाचवतो. यूजीसीच्या २०१८च्या वाङ्मयचौर्य विनियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत दुरुस्त करून पुन्हा सादर करायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करायला बंदी, आणि ६०च्या वर नोंदणी रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, प्रमाण समीकरणं आणि योग्य श्रेय दिलेली अवतरणं यात मोजायची नसतात. सगळ्यात जास्त साम्य निघतं दुसऱ्या प्रकरणात, जिथं पूर्वीच्या संशोधनाचा आढावा असतो, आणि स्वतःच्याच छापलेल्या निबंधांशी. पहिल्याला उपाय म्हणजे गोषवारे उतरवून न घेता प्रत्येक निबंध वाचून त्याची पद्धत, संच आणि उणीव आपल्या शब्दांत लिहिणं. दुसऱ्यासाठी आपल्या निबंधांची यादी आणि गाईडच्या सहीचं पत्र ग्रंथालयात द्यावं आणि ते स्रोत वगळून अहवाल मागावा. शब्द फिरवून देणारी सॉफ्टवेअर वापरली की ‘सपोर्ट व्हेक्टर मशिन’ या पद्धतीच्या नावाचंही काहीतरी भलतंच होऊन बसतं. परीक्षकांना ते लगेच दिसतं.

प्रबंध गाईडशिवाय किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो आणि मूल्यमापन सहा महिन्यांत व्हावं असा नियम आहे. मौखिक परीक्षा खुली असते, प्राध्यापक, संशोधक आणि विद्यार्थी येऊन बसू शकतात. तिथं विचारतात ते सगळं वर येऊन गेलंय.

निकालानंतर अधिसूचना निघते, पण नोकरीच्या अर्जाला तेवढ्यावर भागत नाही. पदवी यूजीसीच्या विनियमांनुसार दिली असल्याचं प्रोव्हिजनल सर्टिफिकेट विद्यापीठाकडून लेखी मागून घ्यावं लागतं, त्यावर विनियमांचं वर्ष बरोबर पडलंय ना ते खिडकीवरच वाचावं. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा सेट किमान पात्रता आहे आणि पीएचडी ऐच्छिक. त्यामुळं अर्जाच्या फाईलमध्ये सेटचं प्रमाणपत्र वर, पीएचडीचं त्याखाली, आणि तासिका तत्त्वाचे आदेश वर्षवार लावून त्याखाली.